पडद्यावरचा हात

या शहरातल्या रोजच्या वर्तमानपत्रात व्यंगचित्र काढणारी पहिली बाई मी, असं लोक म्हणतात. असेनही. मी कधी शोधायला गेले नाही. गेल्या वर्षी इथल्या काही तरुण मंडळींनी माझा सत्कार ठरवला तेव्हा निमंत्रणपत्रिकेवर ते ‘पहिली’ ठळक अक्षरांत छापलं होतं. ते वाचून आनंद झाला, पण त्याहून जास्त धास्ती वाटली.

कारण माझा उजवा हात. काही काळापासून तो थरथरायला लागला होता. एकटी असले की कमी, कुणी बघत असलं की जास्त. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, घरातसुद्धा नाही. एका साप्ताहिकाला अजून चित्रं देत होते. एकच चित्र पुन्हा पुन्हा काढायचं, एका कागदावर नाक बरं उतरलेलं असायचं, दुसऱ्यावर चष्मा. ते तुकडे कापून, जोडून चिकटवायचे आणि फोटो काढून पाठवायचे. पाठवताना दर वेळी चोरी केल्यासारखं वाटायचं.

तशी लाजेची मला सवय होती. बेळगावहून लग्न होऊन इथे आले तेव्हा हे एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. आम्ही कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. माझी चित्रं छापून यायला लागली, पण सही म्हणून नुसतं आडनावाचं पहिलं अक्षर. संपादकांनीच तसं सुचवलं होतं. बाईनं काढलंय म्हटल्यावर लोक आधीच हसायचं नाही ठरवतात, असं त्यांचं म्हणणं. वाचक मला ‘सर’ समजायचे. वसाहतीत मात्र बातमी फुटली. मी कुणाकडे हळदीकुंकवाला गेले की बायकांच्या गप्पा थांबायच्या. “हिच्यासमोर नको गं, उद्या पेपरात येईल.”

एकदा मी एका मंत्र्याचं चित्र काढलं आणि नेमके तेच मंत्री कारखाना बघायला यायचे होते. साहेबांनी ह्यांना खोलीत बोलावून घेतलं. आत काय झालं ते ह्यांनी मला कधी सांगितलं नाही. पण त्यानंतर कुणी ‘मिसेस काय करतात?’ विचारलं की हे सांगायचे, “ड्रॉइंगचे क्लास घेते.” मी शेजारीच उभी असायचे आणि मान डोलवायचे. चित्र द्यायला पेपरच्या ऑफिसात गेले की पिशवीतून डोकावणाऱ्या भाजीची लाज वाटायची, घरी पाहुण्यांसमोर बोटांवरच्या शाईची. कुठल्याच जागी मी पुरती मोकळी बसले नाही.

सत्काराच्या दिवशी आम्ही दोघं घराजवळच्या के. आर. पुरम स्टेशनवरून मेट्रोनं गेलो. मुलगा महादेवपुऱ्याच्या ऑफिसातून सुटून येणार होता, पण त्याची मीटिंग लांबली. सभागृहाच्या दारातच आयोजक मुलगी भेटली. पुण्याची, बोलायला गोड.

“मॅम, एक सरप्राइज आहे! लाइव्ह ड्रॉइंग. टेबलवर कॅमेरा लावलाय, तुमचा हात मोठ्या स्क्रीनवर दिसेल.”

“हे ठरलं नव्हतं गं.”

“फक्त पाच मिनिटं, प्लीज. सगळे त्यासाठीच आलेत.”

माझा हात थरथरतो, एवढंच म्हणायचं होतं. ते तोंडातून निघालं नाही. एवढ्या उत्साहात ती उभी होती, आणि मी ‘पहिली’ होते.

शाल, नारळ, भाषणं झाली. मग मला टेबलाशी बसवलं. त्या मुलीनं प्रेक्षकांना विषय विचारला. मागून कुणीतरी ओरडलं, “खड्डे!” सगळे हसले. मलाही हायसं वाटलं. खड्ड्यातला स्कूटरवाला मी झोपेतही काढला असता.

मी चाक काढायला घेतलं आणि मार्करचं टोक कागदावर नाचायला लागलं. चाक वेडंवाकडं, दातेरी झालं. लोक पुन्हा हसले. त्यांना वाटलं हीच गंमत, रस्ताच असा आहे ना! क्षणभर मलाही वाटलं, निभेल. मग स्कूटरवाल्याचा चेहरा घेतला. डोळा गालावर उतरला. नाकाची रेघ दोनदा तुटली. मी मान वर केली तर समोरच्या पडद्यावर माझा हात भिंतीएवढा झालेला, सुरकुत्यांसकट, आणि तो माझं ऐकत नव्हता. हसू थांबलं होतं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. आजारी माणसाला धीर द्यायला वाजवतात तशा. मला आयुष्यात कशानंच इतकं उघडं पडल्यासारखं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून हे उठले. काठी टेकत टेबलापाशी आले आणि कॅमेऱ्याच्या मुलाला कन्नडमध्ये म्हणाले, “साकु. कॅमेरा आफ माडी.” पुरे, बंद करा. आवाज सगळ्या सभागृहाला ऐकू गेला. पडदा पांढरा झाला. ह्यांनी माझ्या हातातून मार्कर घेतला, टोपण लावलं आणि मला उठवलं.

बाहेर स्टेशनच्या जिन्यापाशी माझा तोल सुटला. “आजही लाज वाटली ना माझी? तेव्हा साहेबांसमोर वाटायची, आज ह्या पोरांसमोर.”

हे काठी टेकत जिना चढायला लागले. गाडी आली, आम्ही बसलो. दोन स्टेशनं गेल्यावर म्हणाले, “गेल्या दिवाळीपासून तुझा चहा कोण ओततंय?”

“तुम्हीच की.”

“कप अर्धाच भरतो. सांडू नये म्हणून. तू सांगशील म्हणून वाट बघत होतो.”

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मी समजत होते, ह्यांना हल्ली चहा करायचा छंद लागलाय. ज्या माणसानं मला सांभाळून घेतलं त्याच्यावरच मी भर रस्त्यात ओरडले होते.

“तेव्हाचं म्हणशील तर, हो, वाटायची,” हे पुढे म्हणाले. “ते क्लासचं मी बोलायला नको होतं. आज तसलं काही नव्हतं. त्या लोकांनी तुझा हात बघत बसावं, हे मला सोसलं नाही.”



डॉक्टरांनी नंतर सांगितलं की हे वयाचं आहे, गोळीनं थोडं कमी होईल, जाणार नाही. साप्ताहिकाच्या संपादिकेला मी फोन करून कापाकापीसकट सगळं सांगितलं. ती म्हणाली, “वाकड्या रेघेचंच द्या ना.” मी नाही म्हटलं. तिनं मोठेपणानं म्हटलं असेल, पण माझी छाती झाली नाही. पुण्याच्या मुलीनं माफी मागणारा लांबलचक मेसेज पाठवला. बिचारीचा काय दोष होता?

पाठवणं थांबलं, काढणं मात्र थांबलेलं नाही. सकाळी हे फिरायला गेले की मी जेवणाच्या टेबलावर कागद घेते. रेघ हलते, हलू देते. परवाचा एक भाजीवाला तर बऱ्यापैकी जमला. तरीही दाराची बेल वाजली की माझा हात आधी कागद पालथा घालतो, आणि मग मी दार उघडायला उठते.