गुडघ्याच्या बदल्यात किती वर्षं?

माझी नणंद नेमकं काय शिकते, हे जळगाव-धुळ्यातल्या एकाही माणसाला ठाऊक नाही, आणि त्यात ती स्वतःसुद्धा आली. धुळ्याला देवपूरच्या कॉलेजात ती आरोग्याच्या अर्थशास्त्रात एम.ए. करते. आरोग्य ऐकलं की लोक डॉक्टर समजून जीभ बाहेर काढतात, अर्थशास्त्र ऐकलं की बँकेतल्या नोकरीचं विचारतात. एका लग्नात भर पंगतीत एका नानांनी बाही सारून तिला सुजलेलं मनगट दाखवलं. औषध सांगायचं सोडून हिने विचारलं, "दवाखान्यात तुमचा किती वेळ गेला? तेवढ्या वेळात तुम्ही काय केलं असतं?" नाना म्हणाले, "झोपलो असतो." बाईसाहेब त्यावरही खूश, म्हणे, झोपेलाही मोल असतं! नाना बिचारे वरणबट्टीकडे वळले.

दर शनिवारी एसटीने जळगावला घरी येते ती डोक्यात असा काहीतरी गुंता घेऊनच. मागे मी तापाने फणफणले होते. कपाळावर ओली पट्टी ठेवत म्हणते कशी, "वहिनी, शून्य म्हणजे मरण आणि शंभर म्हणजे ठणठणीत. तुम्ही आत्ता कितीवर?" मी म्हटलं, "बाई गं, आधी ती पट्टी पीळ, पाणी कानात चाललंय." पट्ट्या मात्र दिवसभर तिनेच बदलल्या, हेही सांगायला हवं.

प्रबंधासाठी तिने असोद्याच्या म्हाताऱ्या माणसांचे गुडघे निवडले. माझं माहेर तिथलं, म्हणून मीही बरोबर. प्रश्न असा, की समजा तुमची दहा वर्षं उरलीत, गुडघेदुखीसकट; दुखणं पार जाणार असेल, तर त्या बदल्यात यातली किती वर्षं सोडाल? असलं अभद्र कुणाच्या ओट्यावर बसून विचारतं का कुणी! एका आबांनी मात्र रीतसर घासाघीस केली, "दोन देतो, पन मोतीबिंदूबी त्यातच." बायकांकडे सगळंच बिघडलं. माझ्या काकूने सगळं नीट ऐकून घेतलं आणि हिच्या डोक्यावर हात ठेवला. "माय वं, गुडघ्यासाठी कायले देऊ? माह्ये बठ्ठे वर्सं तुलेच लागोत." शेजारच्या अक्कांनीही आपली सगळी वर्षं नातवाला दिली, पलीकडच्या बाईने सुनेला. गल्लीभर तेच. गुडघ्यासाठी एकही बाई एक वर्ष सोडेना.

तिचे कॉलेजातले सर म्हणाले, "या सगळ्यांपुढे शून्य टाक. काही सोडायची तयारी नाही, एवढाच अर्थ. नाहीतर प्रबंध जमा होणार नाही, वर्ष जाईल." मला तर सरांचं पटलं होतं. टाक बाई शून्य आणि सूट! पण ही अडून बसली. "वहिनी, ज्यांनी सगळंच देऊन टाकलं, त्यांच्यापुढे शून्य कसं टाकू?" मग काय टाकायचं, म्हटलं, तर तेही तिला माहीत नाही. मला तर नाहीच नाही. या गोंधळात जमा करायची तारीख निघून गेली आणि वर्ष गेलं.

त्या शनिवारी ती रडेल म्हणून मी शेवभाजी केली. रडली नाही. दोनदा रस्सा वाढून घेतला, आणि ताटाकडेच बघत हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, तुम्हाला विचारायचंच राहिलं. तुम्ही तुमची वर्षं कशासाठी सोडाल?"

"भाकरी घे गुपचूप," मी म्हटलं. असलं तोंडाने बोलायचं नसतं. पण तव्याकडे वळले तोवर मी माझी सगळी वर्षं तिला देऊन मोकळी झाले होते.