एस्किमोंच्या होडीखाली सासरे

ओल्या चामड्याचा वास आला की मला म्युनिकच्या म्युझियममधलं एस्किमोंचं दालन आठवतं. सासूबाई पुण्याहून आलेल्या, बाहेर बर्फाचा चिखल, सगळ्यांचे बूट भिजलेले, आणि माझा तीन वर्षांचा मुलगा सीलच्या कातड्याच्या होडीखाली शिरून आडवा झालेला. पहारेकरी "बिट्टे, बिट्टे" अशी जर्मनमध्ये विनवणी करत लाल व्हायला लागला. पण मी ओरडणार कशी? मुलाला नाव माझ्या गेलेल्या सासऱ्यांचं, आणि सासूबाईंनी बारशालाच बजावलेलं, "त्यांच्या नावाने खेकसायचं नाही." मी "सोन्या, ये ना रे" करत गुडघे टेकले, तो ढिम्म. त्या गडबडीतही सासूबाईंना भिंतीवरच्या पाटीत काय लिहिलंय ते हवं होतं. मी वैतागून सांगितलं, "एस्किमो लोक बाळाला घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव ठेवतात. मग तेच माणूस परत आलं असं समजतात आणि बाळाला कोणी रागवत नाही." सासूबाईंचा चेहरा उजळला. "बघ, एवढ्या थंडीतसुद्धा रीत सोडत नाहीत!" मग होडीपाशी वाकून त्या हळूच म्हणाल्या, "अहो, उठा बघू." मुलगा मुकाट्याने बाहेर आला. सासूबाईंनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि त्याच्यावर कडाडल्या, "जन्मात कधी पहिल्या हाकेला उठला नाहीत, आज बरे उठलात!" आता त्याला दाढी आली आहे. रविवारी दुपारपर्यंत लोळत पडला की मीही दारातून "अहो" म्हणून बघते. उठत नाही. अगदी सासऱ्यांवर गेलाय.