ग्रहणात मारलेल्या गाठी

माझा भाऊ जन्मायच्या चार महिने आधी ग्रहण लागलं, आणि आई त्या वेळी पडवीत बसून जाळं सांधत होती. मी सात वर्षांची, तिच्याजवळच बसलेली. नवापूरला आमच्याकडे पोटुशीने ग्रहणात विळी धरायची नाही, सुई धरायची नाही, गाठ मारायची नाही. पण बाबांची होडी दुसऱ्या दिवशी निघायची होती आणि जाळं फाटलेलं. आईने गाठी मारल्या.

भाऊ दोन महिन्यांचा झाला नि त्याचे डोळे सारखे भिरभिरायला लागले. मान धरेना, पुढे पाय ताठ झाले. आत्या आमच्याच घरात राहायची. तिने भावकीसमोर सांगून टाकलं, की ग्रहणातल्या गाठी पोराच्या अंगात बसल्या. झालं! आईने जाळं विणायची लाकडी सुई माळ्यावर टाकली ती टाकलीच. तिच्याइतकं देखणं जाळं आळीत कोणी विणत नव्हतं, आणि आता बाबा बाहेरून विणून आणायचे. आत्याचा मला असा संताप यायचा! पण खरं सांगू, आईचा जास्त यायचा, कारण तिला ते पटलं होतं. भाऊ मात्र मजेत. इंजिनाच्या आवाजावरून कोणाची होडी येतेय ते अडखळत सांगायचा, आणि कधी चुकायचा नाही.

तो सोळा वर्षांचा झाला तोवर नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं आणि मी बोईसरला कारखान्यात नोकरीला लागले होते. तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला मुंबईला एका डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. मेंदूचे फोटो काढले, त्याचं नि आईचं रक्त परदेशी गेलं. उत्तर यायला वर्ष लागलं.

बाईंनी शांतपणे समजावलं. मेंदूतल्या तारांवर पांढरं वेष्टण असतं, ते याच्यात नीट बनलंच नाही. ते बनवायची कृती जन्माआधीच अंगात लिहिलेली असते, आणि याच्यात तिचा एक तुकडा दोनदा लिहिला गेलाय. अगं बाई, म्हणजे जास्तीचं! आम्ही तर काहीतरी कमी आहे म्हणून इतकी वर्षं त्याला माशाचं तेल नि खेकड्याचं कालवण पाजत होतो. आईला मात्र लगेच कळलं. जाळ्यात एक ओळ दोनदा विणली की जाळं फुगतं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. हे बरं होणारं नाही, तेही बाईंनी सांगितलं.

मग म्हणाल्या, तो दोनदा लिहिलेला तुकडा आईकडून आलाय; बायकांत त्याची दुसरी, नीट प्रत असते, म्हणून तिला स्वतःला काही झालं नाही. आता आत्याला आयतंच कोलीत!

आई खाली बघत म्हणाली, "बाय, मी गिरानात गाठी मारल्या व्हत्या."

"तो तुकडा तुम्ही जन्मलात तेव्हापासून तुमच्यात आहे," बाई म्हणाल्या. "आणि मुलात पोटातल्या पहिल्या दिवसापासून. ग्रहण नंतर लागलं. तुमच्या हातांनी काहीही झालेलं नाही."

आईने त्यांना ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

घरी आल्यावर ती पदर खोचून माळ्यावर चढली. सतरा वर्षांची धूळ झटकत सुई खाली आणली आणि भावाला भिंतीला टेकवून पडवीत बसली. बायका जमल्या. आत्या दारात उभी. मी भांडायच्या पूर्ण तयारीत होते, पण आईने मला तोंडच उघडू दिलं नाही. दोऱ्याचं टोक तिने आत्यापुढे केलं.

"वन्सं, धरा. माजे हात चांगले हायत."

आत्याने टोक धरलं. भाऊ मोठ्याने हसला. आईने सगळ्यांसमोर पहिली गाठ मारली, मग दुसरी, आणि दिवस मावळेपर्यंत जागची उठली नाही.