पोळ्याच्या रांगेतली फटफटी

बैल न्हाईत तर मान न्हाई, असं मला पारावर चार माणसांत तोंडावर सांगितलं. परका असता तर सोडून दिलं असतं. सांगणारा माझा चुलतभाऊ होता, माझ्यापेक्षा लहान, अन् त्याचा डोळा माझ्या जागेवर होता.

जागा कोणती ते सांगतो. आमचं गाव केदारखेड्याच्या अलीकडं, नाल्याच्या काठाला. पोळ्याला वेशीत तोरण बांधतात, बैलांचं लग्न लागतं, अन् मंग जोड्या तोरणाखालून मारुतीकडं जातात. कुणी कुणाच्या मागं जायचं हे ठरलेलं. पहिली जोडी पाटलाची, दुसरी पुजाऱ्याची, तिसरी आमची. माझ्या आज्यापासून तिसरी. पुढची जोडी तोरण ओलांडत न्हाई तोवर मागच्यानं पाय उचलायचा न्हाई, पाऊस येवो का वीज पडो. अन् ज्याच्या घरून पोळ्याला काहीच आलं न्हाई त्याची जागा मागच्याला जाते. गेलेली जागा परत येत न्हाई. आमच्या मागं चुलतभाऊ होता.

माझा एक बैल पान लागून, म्हंजे साप चावून, मेला. उरलेल्याला जोड बघत लई बाजार हिंडलो, त्याच्या उंचीचा सापडला न्हाई. शेवटी तोही देऊन टाकला अन् जुन्या जालन्यातून एक वापरलेली टू-स्ट्रोक फटफटी आणली. नांगरट ट्रॅक्टरवाल्याकडून करून घ्यायची, बाकी सगळं फटफटीवर. बियाणाची पिशवी, दुधाचा कॅन, कडब्याचा भारा, बायको, एकदा तर दोन शेळ्यासुद्धा.

मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस, पण ही गाडी मी डोकं लावून निवडली. दुकानात मोठ्या, जड, चमकणाऱ्या गाड्या होत्या. मी प्रत्येकीचं मागचं चाक उचलून बघत होतो. मिस्त्री हसायला लागला, "चचा, गाडी लेने आये के पैलवानी करने?" मी म्हणालो, "चिखलात फसल्यावर तू येणार का उचलायला?" हलकी होती म्हणून हीच घेतली.

आमची काळी माती ज्याला माहीत न्हाई त्याला हे कळायचं न्हाई. पावसाळ्यात ती चाकाला धरते, मडगार्डात भरत जाते, अन् शंभर पावलांत चाक जाम. मी पुढचं मडगार्ड काढून पत्र्याच्या पट्ट्यांवर वीतभर उंच बसवलं. मागं कॅरिअरला खुरपं खोसलेलं, माती खरडायला. चिखलात पुढच्या ब्रेकला हात लावायचा न्हाई. उभं राहून, गुडघे सैल सोडून चालवायची, अन् जिथं गवत उगवलंय तिथून चाक न्यायचं, कारण गवताखालची जमीन धरून असते. नाल्याच्या पाण्यात गेलो की रेस सोडायची न्हाई. सोडली की सायलेन्सरमधून पाणी आत. हे मला कुणी शिकवलं न्हाई. पडत पडत शिकलो.

निगा म्हणाल तर जनावरासारखीच. चेन पुसून तेल द्यायचं, प्लग काढून घासायचा. सायलेन्सरची नळी काजळीनं भरली की चुलीत घालून जाळायची, मंग ठोकून काजळी पाडायची. बायको म्हणायची, "आता भाकरी थापू का तुमची नळी भाजू?" अन् पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, लिटरला ठरलेलं माप. मिस्त्रीनं बजावलं होतं, कमी घातलं तर इंजन धरतं, जाम होतं, जास्त घातलं तर प्लग मरतो, ठिणगी पडत न्हाई.

तर पारावर. पाटील आबा मधी बसलेले, मिशा पांढऱ्या, बोलणं कमी. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, यंदा बैल न्हाईत तुह्याकडं. तिसरी जागा आमाला सोड."

"जनावर न्हाई असं कोण म्हनलं? माहं जनावर दारात उभं हाय."

सगळे हसले. एकानं विचारलं, "तुहं जनावर शेण कवा टाकतं रे?"

"धूर टाकतं. तुह्या बैलाच्या कामाएवढं काम करतं, अन् कडबा मागत न्हाई."

आबा म्हणाले, "थट्टा पुरं. फटफटीच्या आवाजानं बैलं बुजतील. लेकरंबाळं असतेत रांगंला. आणायची तर बंद करून, ढकलत आण."

मी म्हणालो, "आबा, तुमी तुमचे बैल ढकलत आणता का?"

आबांशी असं कुणी बोलत नव्हतं. ते म्हणाले, "बरं. आण चालवत. पण एक बैल जरी बुजला, तर मान गेला. अन् तोरणाखाली ढकलावी लागली, तरी गेला. कायमचा."

"कबूल," मी म्हणालो. चुलतभाऊ हसत उठला. त्याला वाटलं काम झालं.

पोळ्याला अजून महिना होता. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी गावची बैलं पाणी प्यायला नाल्यावर यायची तेव्हा तिथं जायला लागलो. गाडी चालू करून बाजूला उभी करायची, बिडी ओढत बसायचं. पहिल्या दिवशी बैलांनी कान टवकारले, एक-दोन उधळले, मी शिव्या खाल्ल्या. आठवड्यानं नुसती मान वळवायला लागले. नंतर तेही न्हाई. मंग मी रेस वाढवून ठेवू लागलो, मंग त्यांच्यामधून हळूहळू चालवू लागलो. बैल माणसापेक्षा लवकर समजतो. चुलतभावाची बैलं तर माझ्या गाडीच्या शीटला मान घासायला लागली. त्याला ते कळलंच न्हाई, कारण बैलं पाण्यावर त्याचा गडी आणायचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. बैलाचे खांदे हळद-तुपानं मळतात, वर्षभर जू ओढलेलं असतं ना, अन् उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतन देतात. त्या दिवशी बैलाला रोजच्यापेक्षा चांगलं खायला घालायची रीत. मी गाडी धुतली. हँडलची दोन्ही टोकं शिंगांसारखी हिंगुळानं रंगवली, त्यांना गोंडे बांधले. टाकीवर आमच्या मेलेल्या बैलाची झूल टाकली. हँडलच्या सांध्याला हळद-तूप चोळलं. अन् मंग पेट्रोल भरताना ऑइलचं माप घातलं, आणखी एक घातलं, अन् वरून आणखी एक. सणाच्या दिवशी मोजून खायला घालायचं का?

बायको बघत होती. "अहो, मिस्त्रीनं काय सांगितल्तं?"

"मिस्त्रीच्या घरी पोळा नसतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी हलगी वाजायला लागली. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. आबांची जोडी तोरणाखालून गेली. पुजाऱ्याची गेली. मी किक मारली, पहिल्याच किकला चालू. रांगेत पुढं-मागं बैलच बैल, एकानंही मान वर केली न्हाई. मागं चुलतभावाचं तोंड मला दिसत नव्हतं, पण हलगीत त्याचं हसू ऐकू येईना, एवढं मला बस होतं.

पहिल्या गिअरमध्ये, क्लच धरत-सोडत, पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीनं मी निघालो. मागून पांढरा धूर निघून राह्यला होता, रोजच्यापेक्षा दाट. तोरण चार हातांवर आलं अन् गाडी अडखळली. फट, फट, अन् बंद.

किक मारली. न्हाई. पुन्हा मारली. न्हाई.

"ढकल आता, दादा!" मागून चुलतभाऊ ओरडला. "ढकल अन् बाजूला हो. आमाला जाऊ दे."

रांगेत हसणं पसरलं. मी गाडी स्टँडवर लावली, तिथंच, तोरणासमोर. खाली उकिडवा बसलो अन् खिशातला पाना काढला.

"अरे काय करून राह्यला हा?"

"प्लग काढतो," मी म्हणालो. "थांब जरा."

"किती येळ थांबायचं? बैलं उभी हायेत!" चुलतभाऊ ओरडला.

"उभी राहू दे. तिसरी जागा माही हाय. तिसऱ्याच्या पुढं चौथा कवा गेला ते सांग, मी आत्ता बाजूला होतो."

जी रीत दाखवून मला हाकलायला निघाले होते, तिनंच सगळ्यांचे पाय बांधले होते. अख्ख्या गावच्या जोड्या माझ्या मागं पार नाल्यापर्यंत उभ्या. आबा पलीकडून, मारुतीच्या पायरीवरून, बघत होते. त्यांनीही कुणाला पुढं जा म्हटलं न्हाई.

प्लग तापलेला होता. नव्या पटक्याच्या शेवानं धरून काढला. ऑइलनं चिप्प, काळा. ओट्यावर बाया उभ्या होत्या, त्यात आमची. "बघा!" ती तिथूनच ओरडली. "तीन मापं घातली ह्या मानसानं! मी म्हनल्तं!"

"सण हाय आज!" मीही ओरडलो. बाया हसल्या, पण ते हसू चुलतभावाच्या बाजूचं नव्हतं.

पटक्याच्या शेवानं प्लग पुसला, खुरप्याच्या टोकानं काजळी खरवडली. नवा पटका गेला, जाऊ दे. प्लग बसवला. पण टाकीत तेच तेलकट पेट्रोल होतं. हळू चालवली तर प्लग पुन्हा मरणार, हे मला माहीत होतं. मोठी रेस द्यावी तर बैलं. आबांची अट मला पाठ होती. मी मागं वळून चुलतभावाच्या बैलांकडं बघितलं. त्यातला एक माझ्या शीटवर तोंड ठेवून रवंथ करून राह्यला होता.

किक मारली अन् रेस पूर्ण दिली. अशी गर्जली की वेशीतले कावळे उडाले. धुराचा लोट मागं गेला, पूर्ण रांग पांढरी. क्लच सोडला अन् तोरणाखालून निघालो, आंब्याची पानं डोक्याला घासली. मारुतीसमोर जाऊन थांबलो, इंजन चालूच ठेवून.

धूर विरला. बैल एकही बुजला नव्हता. माणसं मात्र खोकून राह्यली होती, चुलतभाऊ सगळ्यात जास्त. माणसांनी बुजायचं न्हाई असं पारावर ठरलं नव्हतं.

आबा पायरी उतरून आले. झुलीवरून हात फिरवला, रंगवलेल्या हँडलकडं बघितलं. "बंद कर आता," म्हणाले. "तिसरी जागा तुहीच. मानाचा नारळ घे."

आबा वारून आता बरीच वर्षं झाली. आता पोळ्याला तोरणाखालून ट्रॅक्टरही जातात, झेंडूच्या माळा घालून, अन् कुणी काही म्हणत न्हाई. पोरांना वाटतं ही रीत पहिल्यापासूनच आहे. वाटू दे. माझी गाडी अजून तिसरी जाते. आदल्या दिवशी ऑइलची तीन मापं मी अजूनही घालतो, मिस्त्री काही का म्हणेना. फक्त आता डोक्याच्या पटक्यात एक कोरा प्लग खोसलेला असतो.