विलासदादाचा पूजेचा पेनड्राइव्ह

विलासदादा गेल्याचा निरोप मी शिकवते त्या सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेत पोचला, तेव्हा नाशिकला सगळं उरकलं होतं. इथे फोनला रेंज येते ती टेकाडावरच्या टाकीपाशी, आणि त्या दिवशी मी तिकडे फिरकलेच नव्हते. आतेभाऊ, पण सख्ख्याहून जवळचा. शेवटचं तोंडही पाहिलं नाही, आणि रडूही आलं नाही... नुसती बसून राहिले.

नाशिकच्या द्वारका चौकात दादाचं संगणकदुरुस्तीचं दुकान होतं. माणूस तिरसट, गिऱ्हाइकाशी दोन वाक्यं बोलला तर त्यातलं एक टोमणा असायचं. पण आमच्या शाळेला संगणक मिळाले आणि इथे इंटरनेट नाही हे कळल्यावर हाच गडी भरलेल्या जीपमध्ये अंग चोरून बसून घाट चढून आला. कुणीही घ्यावी, कुणीही वाटावी अशी मुक्त संगणकप्रणाली त्याने मराठी फॉन्टसकट एका पेनड्राइव्हवर उतरवून आणली होती. तो लावला की कोरा संगणक नेटशिवाय उभा राहायचा. एकदा आणलं की पुन्हा कुणाच्या तोंडाकडे बघायला नको, असं त्याचं म्हणणं.

दसऱ्याला आमच्याकडे कोयता-विळ्यापासून सगळ्या अवजारांची पूजा होते. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या भागीमावशींनी त्यात पेनड्राइव्हही मांडला आणि त्याच्या उघड्या तोंडावर हळदकुंकू वाहून वर पळीभर पाणी सोडलं. पेनड्राइव्ह कामातून गेलाच. आता दादा मला फाडून खाणार, या तयारीने मी फोन केला, तर तो कितीतरी वेळ हसतच होता. पुढच्या फेरीला दोन पेनड्राइव्ह घेऊन आला. एक कामाचा आणि एक फक्त पूजेचा, टोपणाभोवती घट्ट चिकटपट्टी गुंडाळलेला. पूजेचा रिकामाच असणार, हे मी धरूनच चालले.

दादा जाऊन महिना होत नाही तोच अवकाळीत शाळेवर वीज पडली. संगणकांच्या डिस्क गेल्या आणि लावलेला कामाचा पेनड्राइव्हही गेला. तालुक्याहून नव्या डिस्क आल्या, पण कोऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकल्प कार्यालयातले साहेब पाहणीला येणार होते. संगणकांची खोली बंद दिसली तर संगणक दुसऱ्या शाळेला जाणार होते. नाशिकला जाऊन यायला वेळ नव्हता. मी टाकीपाशी धावले आणि सवयीने बोट दादाच्याच नंबरवर गेलं... फोन तसाच बंद करून मी टेकाड उतरले.

परत आले तर भागीमावशी देव्हाऱ्यातला पेनड्राइव्ह घेऊन दारात उभ्या. त्यात काही नाही म्हणून मी त्यांच्यावर खेकसले, पण दुसरं होतं तरी काय? चिकटपट्टी सोलून लावला. पडदा काळा राहिला, आणि मग त्यावर मराठी अक्षरं उमटली. मला जे रडू फुटलं ते आवरेना. इतक्या दिवसांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली. संध्याकाळपर्यंत सगळे संगणक सुरू झाले, आणि सकाळी साहेब मुलांना टंकलेखन करताना बघून समाधानाने गेले.

पूजेचा पेनड्राइव्ह कशाला भरला असेल दादाने, असं मी मागाहून मावशींना म्हटलं.

"त्यांनी इचारलं व्हतं मला, देवापुढं रिकामा चालंल का," मावशी म्हणाल्या. "मी सांगलं, रिकामं ताट तरी ठेवतो का आपण देवापुढं?"

दादा उभ्या आयुष्यात देवळाची पायरी चढला नाही. पण मावशींचा शब्द त्याने राखला होता. मी पेनड्राइव्ह पुसला, पुन्हा चिकटपट्टी गुंडाळली आणि मावशींच्या हातात दिला. देव्हाऱ्यात तो आहे, भरलेलाच.