पट्टी नाकाशी नेणारे मामा

पट्टी सोडली की मामा ती आधी नाकाशी न्यायचे. डोळे मिटून दोन श्वास घ्यायचे आणि निकाल द्यायचे. जखम बरी असली तर "गप हायेत", नसली तर "बोलाय लागलेत". कोण, ते कधी सांगायचे नाहीत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. श्रीरामपूरच्या एका दवाखान्यात ते जखमा धुऊन पट्ट्या बांधायचे, सगळे त्यांना मामाच म्हणायचे, आणि मी समोरच्या लॅबमध्ये जंतू तपासायचो. नोकरी नवी, बी.एस्सी.ची हवा डोक्यात. मामांचं नाक हा माझा जेवणाच्या सुट्टीतला चेष्टेचा विषय होता. तुम्हीही हसला असता.

एकदा पुणतांब्याची एक बाई आली. गुऱ्हाळात उकळता रस तिच्या पायावर सांडला होता. तीन आठवड्यांनी जखम लाल, स्वच्छ दिसू लागली. दुसऱ्याच दिवशी मांडीची कातडी काढून तिथं लावायचं ठरलं. तेव्हा मामा माझ्या टेबलाशी आले.

"पिकल्या द्राक्षाचा वास येतोय. कातडी टिकायची न्हाई. तुमी डॉक्टरांना सांगा, तुमचं ऐकत्यात."

मी सांगितलं, पण हसत हसत. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी नमुना घ्यायला लावला आणि ऑपरेशन पुढे ढकललं. दोन दिवसांनी माझ्या काचेच्या ताटलीत हिरवट थर उगवला होता, त्यालाही तोच वास. मला माझीच लाज वाटली. औषधपाणी झाल्यावर कातडी लावली ती छान धरली, बाई चालत घरी गेली.

पुढे कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी मला सांगितलं, की असे जंतू थोडे असताना मुकाट राहतात. प्रत्येक जण एक रसायन सोडत असतो. ते पुरेसं साठलं की त्यांना आपली संख्या कळते आणि मग सगळे मिळून विष सोडतात. मी धावत जाऊन मामांना सांगितलं.

"मंजी ग्रामसभेवानी. कोरम भरला की ठराव," ते म्हणाले आणि माझ्याकडे कात्री मागितली.

मामा निवृत्त झाले त्या दिवशी ती बाई गुळाची ढेप घेऊन आली, स्टँडपासून पायी. मामांनी तिला पाय स्टुलावर ठेवायला लावला, वाकले आणि सवयीनं वास घेतला. ती लाजून चूर झाली.

"गप हायेत," मामा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी मी लॅब सोडून वॉर्डात गेलो. पहिली पट्टी सुटली, ती नाकाशी नेली. डोळेही मिटले. मला नुसता आयोडीनचा वास आला.