बावडीवाल्या विजूताई

धारजवळच्या तिरल्याच्या पुढे, रस्त्यापासून जरा आत, एक कोरडी पडलेली बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे. तिच्या अगदी खालच्या पायरीवर विजूताई उभ्या होत्या. केस मोकळे, अंगावर मातीत लोळवून मळवलेलं पांढरं लुगडं. वर काठावर कॅमेरा, दोनचार छत्र्या आणि उन्हानं वैतागलेली माणसं. दिग्दर्शक मनन वरून ओरडला, "मौसी, बस एकदाच! गणपतीच्या नाटकात बोलली होती ना, तसंच!"

विजूताईंनी श्वास भरून घेतला आणि म्हटलं, "जिस हाथ से तूने मेरा घर उजाड़ा, वो हाथ तेरे किसी काम का न रहे!"

बावडीनं तो आवाज घेतला, आतल्या आत फिरवला आणि वर फेकला. चहाचे कप तोंडाशी नेलेली माणसं तशीच थांबली. शूटिंग बघायला आलेल्या गावच्या बायकांपैकी एक पदर सावरत उठली आणि मागं न बघता चालती झाली. मनन मात्र टाळ्या पिटत होता.

विजूताई म्हणजे विद्युल्लता मुंगी. देवासच्या एका खासगी शाळेत त्या संस्कृत शिकवत. पन्नाशी केव्हाच उलटलेली. लग्न झालं नाही, आणि का झालं नाही हे सांगायला आता कुणी उरलं नव्हतं. थोरले बंधू चिंतामणी, म्हणजे दादा, नोकरीतून निवृत्त होऊन मराठी मंडळींच्या घरी पूजाअर्चा करत. आजोबा संस्थानात कारभारी होते एवढाच त्या घराचा मोठेपणा, आणि तोही श्राद्धाच्या दिवशीच कुणाला आठवे. विजूताईंचा स्वतःचा म्हणावा असा एकच ऐवज होता, तो म्हणजे आवाज. दरवर्षी गणेशोत्सवाच्या नाटकात त्यांना एक तरी खणखणीत काम मिळे. धारच्या मावसबहिणीच्या शेजारचा मनन सिनेमा शिकून आला आणि भुताचा सिनेमा काढायला निघाला, तेव्हा त्याला तो आवाजच आठवला.

सिनेमाचं नाव 'सूखी बावड़ी'. एका विधवेचा मुलगा गाववाले बावडीत ढकलून मारतात. ती शाप देते आणि तिथंच प्राण सोडते. मग गावातला एकेक माणूस झिजत, वाकत, लुळा होत मरतो. विजूताईंचं काम सुरुवातीला थोडंसंच. पण पुढं जिथं जिथं कुणी मरे, तिथं तिथं त्यांचा आवाज ऐकू येई.

सिनेमा थेटरात लागलाच नाही, मोबाइलवर आला. आणि पसरला तो सगळा सिनेमा नव्हे, तर तेवढं एक वाक्य. चौकातली पोरं ते वाजवत. कुणी मांजरीच्या तोंडी घातलं, कुणी सासूच्या फोटोवर लावलं. पहिले काही दिवस मजेत गेले. भाजीबाजारात लोक फोटो काढून घेत. दादासुद्धा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "ती आमची विजू हो!"

मग व्हॅनवाल्याची गोष्ट झाली. शाळेच्या व्हॅनमध्ये तो पोरं अक्षरशः कोंबून नेई. विजूताईंनी फाटकातच त्याला झापलं, "किसी दिन गिराओगे सबको!" पुढच्याच आठवड्यात ती व्हॅन नाल्यात गेली. पोरं वाचली, व्हॅनवाल्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. तो कसा गाडी चालवायचा हे साऱ्या देवासला ठाऊक होतं, पण लक्षात राहिलं ते विजूताईंचं बोलणं.

त्यानंतर गल्ली बदलली. समोरून येणारी बाई लेकराला दुसऱ्या बाजूला घेई. हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. भाजीवाली भाव करू देईना. "जो देना हो दे दो, बाई," म्हणून खाली मान घाले, आणि घासाघीस केल्याशिवाय ज्यांना भाजी गोड लागत नसे त्या विजूताई रिकामी पिशवी घेऊन परत येत. उलट एक म्हातारे गृहस्थ जावयाचा फोटो घेऊन आले आणि ओसरीवर बसून राहिले. "काही करू नका, नुसतं एकदा बोला याच्याकडे बघून," म्हणाले. विजूताईंनी त्यांना पाणी दिलं आणि हात जोडून वाटेला लावलं.

सगळ्यात जास्त झळ लागली दादांना. यजमान गुरुजींना टाळू लागले. "यंदा छोट्या प्रमाणावर करतोय," कुणी म्हणे. "यंदा करतच नाही," कुणी म्हणे, आणि त्यांच्याच घरून आरतीचा आवाज येई.

"अगं, शाप द्यायला तप लागतं," दादा चिडून म्हणत. "तुझं कसलं तप? जन्मभर पोरांकडून रामः रामौ रामाः घोकून घेतलंस, तेवढंच!"

"मग हे सांगा ना तुमच्या यजमानांना."

"सांगितलं. ते म्हणाले, तेच तर तप."

समोरच्या घरात पियुष आणि नेहा राहत. तो गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होता; नेहाचं माहेर लोहारदा गावचं. पियुष दारू प्यायचा आणि बायकोला मारायचा. भिंती पातळ, गल्ली अरुंद. ऐकू सगळ्यांना येई. विजूताई पूर्वी एकदा समजावायला गेल्या होत्या, तेव्हा तो हसून म्हणाला होता, "काकू, घर का मामला है." मग त्याही इतरांसारख्या टीव्हीचा आवाज वाढवू लागल्या होत्या.

एका रविवारी दुपारी टीव्हीनं भागलं नाही. नेहा पळत रस्त्यावर आली आणि पियुषनं तिची वेणी धरून तिला परत ओढायला सुरुवात केली. दारादारांत माणसं उभी होती. ज्याला सगळे भिया म्हणत असा एक शेजारी तर दात कोरत बघत होता. विजूताई नुकत्या न्हालेल्या होत्या, केस पुसत होत्या. कशा जिना उतरल्या हे त्यांना आठवत नाही. ओले केस तसेच पाठीवर, हातात पंचा. समोर जाऊन त्या उभ्या राहिल्या आणि तोंडातून निघालं ते बावडीतलंच वाक्य, त्याच आवाजात.

पियुषच्या हातून वेणी सुटली. तो दोन पावलं मागं गेला, उंबऱ्याला अडखळून पडला आणि बसल्या बसल्याच आत सरकला.

त्या दिवसापासून त्यानं नेहाला बोट लावलं नाही. काही दिवसांनी नेहा वाटीभर भुट्ट्याचा किस घेऊन आली. तिच्या गालावरचा डाग पिवळा पडत आला होता. "काकू," ती हळूच म्हणाली, "अब तो हाथ जेब में रखते हैं." आणि हसली. तिचं हसणं विजूताईंनी पहिल्यांदाच पाहिलं. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

पण शाळेत प्रिन्सिपल मॅडमनी बोलावून घेतलं. लहान वर्गातली मुलं रडत होती, पालकांच्या तक्रारी येत होत्या. "मैडम, एक छोटा-सा वीडियो बना दीजिए," त्या म्हणाल्या. "कि ये सब एक्टिंग थी, मैं आम टीचर हूँ, ऐसा कुछ होता नहीं. हम ग्रुप पर डाल देंगे, बात खतम."

विजूताईंना वाटलं, एवढं सोपं होतं तर आधीच का नाही सुचलं! मननला फोन केला. तो इंदूरहून दिवा आणि स्टँड घेऊन आला. विजूताई खुर्चीवर बसल्या, चष्मा लावला, केसांचा घट्ट अंबाडा घातला. दादा कौतुकानं बाजूला उभे. इतक्यात नेहा आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"काकू, मत बोलना," ती दारातूनच म्हणाली. "आप बोल दोगी ना कि सब झूठ था, तो उसी शाम..."

चुन्नीचं टोक बोटाला गुंडाळत ती उभी राहिली. विजूताईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "मनन, बंद कर ते."

"मौसी, दोन मिनिटांचं काम आहे..."

"बंद कर म्हटलं ना!" आणि आवाज असा चढला की मनननं घाबरून दिवाच विझवला.

दादा दोन दिवस बाहेर ओसरीवरच जेवले. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "शाळा जाईल."

"जाऊ दे," विजूताई म्हणाल्या खऱ्या, पण स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात धरून रडल्या. शाळा गेलीच. सत्र संपल्यावर त्यांना पुन्हा बोलावणं आलं नाही. आता दिवसभर घर, खिडकी आणि खिडकीतून दिसणारी गल्ली. टेकडीवर देवीच्या दर्शनाला जावं तर पायऱ्यांवर लोक ओळखत, आणि ओळखून बाजूला होत. धारला बहिणीकडे जाऊन राहावं, असं मनात येई. पण आपण इथून हललो की समोरच्या घरात काय होईल, हा विचार आला की काढलेली बॅग पुन्हा पलंगाखाली जाई. खोटं बोलून त्यांनी एका बाईला वाचवलं होतं, आणि आता त्या खोट्याच्या दाराशी त्यांना राखणीला बसावं लागत होतं.

थंडीत एके दिवशी पियुष दुकानातच कोसळला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली. तोंड थोडं वाकडं झालं, आणि उजवा हात खांद्यापासून लोंबकळू लागला.

गल्लीनं काय ते ओळखलं. विजूताई खिडकीत आल्या की समोरच्या खिडक्या लागत.

दवाखान्यातून त्याला घरी आणल्यावर नेहा आली. विजूताईंना वाटलं, मोकळी झाल्यासारखी बोलेल, निदान चार आसवं ढाळेल. नेहानं एकदम त्यांचे पाय धरले. "वापस ले लो, काकू."

"अगं, वेडी आहेस का? मी काय केलंय? डॉक्टर काय म्हणाले? बीपी होतं, दारू होती..."

"डॉक्टर को क्या मालूम आपने क्या बोला था."

"ते सिनेमातलं वाक्य होतं, नेहा. मनननं लिहिलेलं."

"मेरे लिए तो नाटक नहीं था ना," नेहा म्हणाली. "मैंने इतना नहीं माँगा था. अब नहलाना, खिलाना, सब मुझे. रोते हैं दिन भर. वापस ले लो."

ती गेल्यावर विजूताईंनी दार लावून घेतलं. त्या दुपारी ओल्या केसांनी उभ्या असताना त्यांना काय वाटलं होतं, ते त्या आठवू लागल्या. वाक्य सिनेमातलं होतं, हे खरं. पण तो हात झडून पडावा असं त्यांना त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं होतं, हेही खरं. ते त्यांनी दादांनासुद्धा सांगितलं नाही. मननला मात्र फोन करून विचारलं, सिनेमात शापाला उतारा काय होता? मनन म्हणाला, "मौसी, तोड़ तो रखा ही नहीं. पार्ट टू में सोचेंगे."

दुसऱ्या दिवशी त्या समोर गेल्या. त्यांना पाहताच पियुषनं भिंतीकडे वळायची धडपड केली, पण अंग वळेना. विजूताई खाटेजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "जो बोला था, वापस लिया." काही झालं नाही. हात तसाच पडून होता. नेहानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी काम मन लावून केलं नव्हतं.

उशाशी व्यायामाचे तक्ते पडले होते. नेहा म्हणाली, मसाजवाला येतो, सांगून जातो, पण हे काही करतच नाहीत. पडून राहतात, नाहीतर शिव्या देतात. विजूताईंनी तक्ता उचलून वाचला. मग पियुषकडे वळल्या आणि बावडीच्या आवाजात म्हणाल्या, "उँगली हिला."

पियुषचे डोळे विस्फारले. कपाळावर घाम आला. आणि तर्जनी, किंचितशी, हलली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी जाणं आलं. दुसऱ्या कुणाचं तो ऐकत नसे. नेहानं सांगून पाहिलं, त्याच्या भावानं सांगून पाहिलं. विजूताई दारात दिसल्या की मात्र तो आपोआप उशी सावरून बसे. एक दिवस त्या तापानं आल्या नाहीत तर त्यानं काहीही केलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी बोटं पुन्हा आखडलेली.

"सापाला दूध पाजणं म्हणतात याला," दादा म्हणाले. "कुठला हात बरा करत्येस, ठाऊक आहे ना?"

"मग काय करू? तसाच ठेवू?"

दादा उठून देवघरात गेले. विजूताई समोर जातच राहिल्या. त्या मूठ वळवून घेत, सोडवून घेत, कोपर दुमडून घेत. आणि हाताला जरा जोर आला की त्यांना आनंद होई, आणि आनंद झाला की नजर नेहाकडे जाई.

फाल्गुन लागता लागता पियुष काठीच्या आधारानं उभा राहू लागला. एका संध्याकाळी विजूताई म्हणाल्या, "ऊपर. और ऊपर." दात आवळून त्यानं हात उचलला. खांद्याला लागला, खांद्याच्या वर गेला, आणि हवेत थरथरत थांबला. त्याच वेळी नेहा चहा घेऊन आत आली. तो उगारल्यासारखा हात पाहिला मात्र, ती झटकन मागं सरली आणि तिनं कोपर तोंडासमोर धरलं. कप फरशीवर फुटले.

पियुषनं नेहाकडे पाहिलं, मग हाताकडे. हात खाली घेतला आणि दुसऱ्या हातानं तो चादरीखाली सारला. त्याला लाज वाटली की भीती, हे विजूताईंना त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. वाकड्या तोंडावर दोन्ही सारखंच दिसतं.

नेहा त्यांना फाटकापर्यंत सोडायला आली. पायाला चहा लागला होता, तो तिनं पुसलाही नव्हता.

"काकू, ये ठीक हो जाएँ ना," ती म्हणाली, "तब भी आना. रोज आना."

"अगं, पण कुठवर?"

फाटकाची कडी हातात धरून नेहा उत्तराची वाट बघत राहिली, जणू प्रश्न तिनंच विचारला होता. गल्लीतून चाललेली एक बाई त्यांना बघून थबकली आणि आल्या वाटेनं परत फिरली.

"येईन," विजूताई म्हणाल्या.

त्या दुसऱ्या दिवशी गेल्या. अजूनही जातात.